सांत्वनाचे शब्द

केरळमधील कोझिकोड येथे १९९३ साली वेदनाशामक शुश्रूषेसाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे २००१ च्या सुमारास मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत याच कामासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांची संघटना उभी राहिली. शिक्षक, विद्यार्थी, रिक्षाचालक, गृहिणी अशी माणसे थोडेबहुत शिक्षण घेऊन असाध्य रोग्यांच्या घरी जाऊ लागली. औषधयोजना त्यांच्या हाती नव्हती. त्यांच्यापाशी होते ते बोलणे. आणि तेच त्यांना नव्याने शिकावे लागले.

"घाबरू नका, सारे ठीक होईल," हे वाक्य सर्वांच्या ओठी तयार असते. ते सद्भावनेने उच्चारले जाते, यात शंका नाही. परंतु ज्याला डोक्यावरील कर्जाची किंवा मुलीच्या लग्नाची चिंता बोलून दाखवायची असते, तो ते ऐकून गप्प बसतो. पूर्वकर्माचा दाखला तर त्याहून घातक, कारण त्यात दोषारोप दडलेला असतो. रुग्णाशेजारी बसावे आणि "आज तुम्हांला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?" असे विचारावे, हे बरे. उत्तर पुष्कळदा रोगाविषयी नसतेच. घरात तांदूळ नसतो, मुलाची शाळा सुटलेली असते. अशा वेळी सांत्वन तांदळाच्या पिशवीतून पोहोचवावे लागते. या संघटनांनी ते पोहोचवलेही.

सर्वांत बिकट प्रसंग निराळाच. पत्नी कार्यकर्त्याला दारातच गाठून विनवते, "त्यांना कॅन्सर आहे, हे कळू देऊ नका." ती स्वयंपाकघरात गेल्यावर खाटेवरचा रुग्ण हळूच म्हणतो, "मला सारे कळले आहे. पण तिला सांगू नका, ती खचेल." एकाच छपराखाली दोघेही परस्परांवरील मायेपोटी एकाकी झालेले असतात. येथे सत्य एकदम सांगून टाकणे हा क्रूरपणा होय, आणि खोटे बोलणे हा विश्वासघात. अनुभवी कार्यकर्ता प्रथम पत्नीला तिची भीती बोलू देतो, मग विचारतो, "त्यांनी स्वतःहून विचारले, तर काय सांगू?" रुग्णाला तो विचारतो, "या आजाराविषयी तुम्हांला काय वाटते?" रुग्ण जेवढे विचारील, तेवढेच उत्तर द्यावयाचे. उभयतांची तयारी दिसली, तर त्यांना एकत्र बसवावयाचे.

वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला मात्र कोणताच दिलासा ऐकू जात नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फिन मिळणे देशभर दुर्घट झाले. ते सुलभ करणारी दुरुस्ती २०१४ साली झाली. म्हणून भेटीला गेलेल्याने आधी दुखण्याची चौकशी करून परिचारिकेला कळवावे. मग रुग्णाला बोलावेसे वाटले तर ऐकावे, न वाटले तर नुसते जवळ बसून राहावे.