स्वयंसेवकांची संस्था आणि पैशाचा निर्णय

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. तेव्हापासून हे गाव उधारीवर आणि विश्वासावर चालत आले आहे. दुकानातील पैशाचा निर्णय सोपा असतो, कारण त्याला मालक असतो. ज्या पैशाला एक मालक नाही, त्याचा निर्णय अवघड. मशिदीची कमिटी, शाळेचा निधी, बाजारातील मदत फंड, सगळीकडे हीच अडचण.

आमचाच अनुभव सांगतो. मंदीत मजुरीवर माग चालविणाऱ्यांना हातभार लागावा म्हणून आम्ही काही व्यापाऱ्यांनी फंड उभारला. सर्वजण विनामोबदला काम करीत. वहीचे काम वाढले, तेव्हा ते पाहणाऱ्या गृहस्थांना दरमहा काही रक्कम द्यावी असे आम्ही तिघांनी एका संध्याकाळी ठरविले. माणूस प्रामाणिक, रक्कम किरकोळ. तरीही वर्षभरात वर्गणी आटली आणि वसुलीला जाणारे घरी बसले. एक पैसाही कोणी खाल्ला नव्हता. मग चुकले काय? आम्हाला पुष्कळ दिवस कळले नाही.

उत्तर मिळाले ते अनपेक्षित ठिकाणी. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, संगणकाशी आमचा संबंध बिलापुरता. संगणकाचे काम करणाऱ्या पुतण्याने आम्हाला ‘डेबियन’ या संस्थेची हकीकत सांगितली. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी ती सुरू केली. संगणक चालविणारी मूळ प्रणाली ती तयार करते आणि फुकट वाटते. जगभरचे सुमारे हजार सभासद हे काम स्वखुशीने करतात. २०२३ साली त्यांचे वार्षिक संमेलन आपल्याच देशात, कोचीला भरले होते.

या संस्थेने १९९८ साली आपली लेखी घटना केली. तिच्यातील काही गोष्टी व्यापाऱ्याने ध्यानात घ्याव्यात. प्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने होते आणि मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नको’ हाही पर्याय असतो. संस्था स्वतःजवळ पैसा ठेवत नाही. देणग्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थांकडे अमानत म्हणून राहतात. त्यांपैकी एक अमेरिकेतील संस्था हिशेब सांभाळण्यापोटी देणगीतून पाच टक्के घेते. खर्चाचा निर्णय प्रमुखाने सभासदांशी मशवरा करून घ्यायचा, आणि तो पटला नाही तर सर्वसाधारण ठरावाने सभासद तो फिरवू शकतात. शिवाय कोणत्याही सभासदावर कामाची सक्ती नाही, हे घटनेतच लिहिले आहे.

एवढी व्यवस्था असूनही २००६ साली वाद पेटलाच. नवी आवृत्ती ४ डिसेंबरला वेळेवर निघावी म्हणून तेव्हाचे प्रमुख अँथनी टाउन्स आणि काही सहकाऱ्यांनी संस्थेबाहेर वेगळा निधी उभारला. त्यातून आवृत्तीची जबाबदारी असलेल्या दोघांना एकेक महिन्याच्या पूर्णवेळ कामासाठी प्रत्येकी सहा हजार डॉलर द्यायचे ठरले. हेतू चांगला होता. पण बाकीच्यांना वाटले, त्यांच्या वेळेला किंमत आहे, मग आमच्या वेळेला का नाही? काहींनी हात आखडता घेतला. प्रमुखाला पदावरून काढण्याचा ठराव आला, तो मतदानात फेटाळला गेला. आवृत्ती मात्र ८ एप्रिल २००७ रोजी, चार महिने उशिरा निघाली.

म्हणजे मोबदला देणेच वाईट, असे समजू नये. २०१४ पासून त्याच डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांची देखभाल पैसे देऊन करवली जाते. हे काम कंटाळवाणे, स्वखुशीने करायला माणसे मिळत नाहीत. गरज असलेल्या कंपन्या त्यासाठी पैसे देतात, एक वेगळी पेढी ते कामाच्या तासांप्रमाणे वाटते, आणि कोणी किती तास काय काम केले याचा अहवाल दरमहा जाहीर होतो. कोणते काम पैशाचे आणि कोणते सेवेचे, ही रेघ इथे स्पष्ट आहे.

आता आमची चूक आम्हाला दिसली. वहीवाल्या गृहस्थांना रक्कम दिली हे चुकले नव्हते. तिघांनी बंद खोलीत ठरविले, हे चुकले. वसुलीसाठी उन्हात फिरणाऱ्याला ती बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळली. स्वयंसेवकाला पगार नसतो. त्याची कमाई म्हणजे विचारले जाण्याचा मान, आणि आम्ही तोच काढून घेतला होता.

यावरून आपल्या कमिट्यांनी चार गोष्टी कराव्यात. पैसा ठेवणारा आणि खर्च ठरविणारा एकच नसावा. पदाला मुदत असावी. कोणाला मोबदला द्यायचा झाल्यास काम, मुदत, रक्कम आणि त्याच माणसाची निवड का, हे आधी सर्वांपुढे ठेवून लिहून घ्यावे. आणि दरमहाचा हिशेब कोणी मागण्यापूर्वीच फळ्यावर लागावा.

गेल्या वर्षी आम्ही तो फंड याच नियमांवर पुन्हा सुरू केला. पहिल्या सभेत जुनी चूक आम्हीच उभे राहून सांगितली. वहीवाल्यांच्या मोबदल्याचा ठराव या वेळी मांडला तो वसुलीला फिरणाऱ्यांनीच.