फुलदाणीतील फुले आणि स्वच्छ पाणी

समारंभ संपतो, पाहुणे परततात आणि व्यासपीठावरील फुलदाण्या तशाच राहतात. तिसऱ्या दिवशी गुलाबांच्या माना झुकतात, पाण्याला दुर्गंधी येते. ‘तोडलेली फुले सुकणारच’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हीही अनेक वर्षे असेच समजत होतो. वास्तविक, तोडलेले फूल मेलेले नसते. ते श्वसन करते, पाणी शोषते. पुष्कळदा ते अकाली कोमेजते ते तहानेने, आणि तेही पाण्यात उभे असताना!

असे का घडते? देठात अतिशय बारीक जलवाहिन्या असतात. देठ कापताच त्यांत हवा शिरते आणि पाण्याचा प्रवाह तुटतो. पुढे पाण्यात बुडालेली पाने कुजतात, सूक्ष्मजीव वाढतात व देठाचे तोंड बुजवितात. पाणी समोर असूनही फुलापर्यंत पोहोचत नाही.

उपाय साधे आहेत. फुले सकाळी लवकर तोडावीत व लगेच पाण्याच्या बादलीत ठेवावीत. फुलदाणी आतून घासून धुवावी. पाण्याखाली येणारी सर्व पाने काढावीत. देठाचे टोक पाण्यात धरूनच धारदार सुरीने तिरपे कापावे; तिरपा देठ तळाला चिकटून बसत नाही. पाणी रोज बदलावे आणि एक-दोन दिवसांआड देठ पुन्हा थोडा कापावा. निशिगंधाच्या कळ्या खालून वर उमलत जातात. खालची सुकलेली फुले खुडत राहावे. पाण्यात नुसती साखर मात्र घालू नये. तिच्यावर फुलाआधी सूक्ष्मजीवच पोसले जातात.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. म्हणून एक ऐतिहासिक घटना सांगतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत कोळशाच्या वायूवर दिवे जळत. वायूच्या गळक्या नळांजवळील झाडांची पाने अकाली गळत. १९०१ मध्ये रशियन शास्त्रज्ञ दिमित्री नेल्युबोव्ह यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून या वायूतील परिणामकारक घटक इथिलीन असल्याचे दाखविले. पिकणारी फळेही इथिलीन सोडतात. कार्नेशनसारखी फुले त्यामुळे लवकर मान टाकतात. म्हणून आंब्यांच्या अढीजवळ किंवा केळीच्या घडाजवळ फुलदाणी ठेवू नये. कडक ऊन व पंख्याचा थेट वाराही टाळावा.

पालकांनी हा प्रयोग मुलांकडून घरी करवून घ्यावा. सारख्याच दोन बाटल्यांत एकाच झाडाचे एकेक फूल ठेवावे. एकीतील पाणी रोज बदलावे, दुसरीतील तसेच राहू द्यावे, आणि रोज काय दिसते ते वहीत नोंदवावे. ऐकीव गोष्ट स्वतः पडताळून पाहण्याची सवय याच वयात लागते.

वंदनेच्या वेळी वाहिलेले फूल आपणांस अनित्यतेची आठवण देते. फूल कोमेजणारच. परंतु निसर्गनियमाने काय कोमेजले आणि आपल्या निष्काळजीपणाने काय कोमेजले, हा भेद विद्यार्थ्यांस कळावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.