वसंतात कुठे जायचे?

थंडी ओसरते, आंब्याला मोहोर येतो, माळावर पळस फुलतो आणि घरोघरी सहलीच्या गोष्टी सुरू होतात. कोणी म्हणते, "महाबळेश्वरला जाऊ." कोणी म्हणते, "काश्मीर पाहू." अब्बा मात्र गप्प असतात. ते मनातल्या मनात खर्चाचा हिशेब करीत असतात. मुलांनो, हा हिशेब तुम्हालाही करता येईल. चला, सहल कशी ठरवावी ते पाहू.

उर्दूत तुम्ही ज्या ऋतूला 'बहार' म्हणता, त्याला मराठीत 'वसंत' म्हणतात. पंचांगात चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने आहेत. पण वसंत सगळीकडे एकाच वेळी येत नाही. श्रीनगर उत्तरेला, सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तेथे मार्चमध्ये बदामाची झाडे फुलतात आणि महिनाअखेरीस ट्यूलिपची बाग बहरू लागते. त्याच दिवसांत आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भात उन्हाचे चटके बसू लागतात. आपल्याकडे फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा हेच फिरण्याचे सुखाचे दिवस. म्हणून पहिला प्रश्न विचारा : आपण जाणार त्या महिन्यात तेथील हवा कशी असते?

एक सोपा नियम लक्षात ठेवा. हजार मीटर उंच गेले, की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. चिखलदरा सुमारे ११०० मीटर आणि महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. खाली अमरावती तापू लागते, तेव्हाही चिखलदऱ्याला सकाळ-संध्याकाळ गार वाटते. कोकणात समुद्रकाठी पारा फार चढत नाही; पण हवा दमट असते, घामाने जीव हैराण होतो. घरात दादी किंवा लहान भाऊ असेल, तर आधी त्यांचा विचार करा.

दुसरा प्रश्न खर्चाचा. महाबळेश्वरला मे महिन्यात फार गर्दी होते आणि खोल्यांचे भाडे वाढते. पावसाळ्यात तेच भाडे उतरते. पण तेव्हा मुसळधार पाऊस असतो आणि धुक्यात समोरची दरीही दिसत नाही. म्हणून स्वस्त दिसले, की ते स्वस्त का आहे हेही विचारा. आता हे गणित सोडवा. गावाबाहेरच्या खोलीचे भाडे दिवसाला ८०० रुपये आणि बसस्थानकाजवळच्या खोलीचे १००० रुपये. गावाबाहेर राहिल्यास रोज रिक्षाला ३०० रुपये लागतात. सांगा बरे, कोणती खोली खरोखर स्वस्त? प्रवास, मुक्काम, जेवण आणि तिकिटे या चारही खर्चांची बेरीज केल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

तिसरा प्रश्न : एवढा खर्च करून पाहायला काय मिळेल? छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. तेथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आहे. वाटेतच दौलताबादचा किल्ला लागतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी येथे हलवली होती. किल्ल्याची चढण मोठी आहे. म्हणून फेब्रुवारीतली गार सकाळ तेथे कामी येते. पुढे खुलदाबादला मलिक अंबर आणि औरंगजेब यांच्या कबरी आहेत. वेरूळला एकाच खडकातून वरून खाली कोरलेले कैलास लेणे आहे. आसपासच्या गावांतील मुलांना हे सारे एका दिवसात पाहता येते. मुक्कामच नसल्यामुळे खोलीचे भाडे वाढले काय आणि उतरले काय, त्यांना फरक पडत नाही. शिवाय वेरूळला आणि दौलताबादला १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. बसचा खर्चही कमी होऊ शकतो. महाराष्ट्रात एस.टी.ने प्रवास करणाऱ्या महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे पडते.

निघण्यापूर्वी दिनदर्शिकाही पाहा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. २०२६ साली तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. रोजे असताना किल्ला चढणे सोपे नाही. अशा वर्षी तारीख पुढे-मागे करावी. परीक्षेच्या तारखाही विसरू नका!

काश्मीर सुंदर आहे, यात शंका नाही. पण तेथे जाण्या-येण्यातच बरेच दिवस आणि बरेच पैसे जातात. कर्ज काढून केलेल्या सहलीचा आनंद घरी परतताच संपतो, हप्ते मात्र राहतात. मराठीत म्हण आहे, 'अंथरूण पाहून पाय पसरावे.' उर्दूतही चादरीची अशीच म्हण आहे. ती आठवा आणि वर्गात सांगा. जवळचे ठिकाण योग्य दिवसांत पाहिले, तर थोड्या पैशांतही पुष्कळ मिळते.

आता वहीचे एक पान घ्या. त्यावर तीन ठिकाणांची नावे लिहा. प्रत्येकासमोर तेथील हवा, एकूण खर्च आणि पाहण्यासारख्या गोष्टी लिहा. मग ते पान अब्बांच्या हातात द्या. या वेळी ते गप्प बसणार नाहीत!