पर्यटनाचे कायदे : पर्यटकासाठी की स्थळासाठी?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पर्यटन हा स्वतंत्र विषय नाही. जमीन व स्थानिक स्वराज्य हे विषय राज्यसूचीत असल्याने त्याचे नियमन प्रामुख्याने राज्यांच्या कायद्यांतून होते. गोवा केंद्रशासित असताना तेथे १९८२ च्या कायद्याने हॉटेले व प्रवास-व्यावसायिकांना नोंदणी सक्तीची झाली. पर्यटकाची फसवणूक टळावी, हा हेतू. किनाऱ्यावर किती भार पडतो, हे मात्र नोंदवहीतून कळत नाही. पुढे २००१ मध्ये स्थळांच्या रक्षणाचा कायदा आला आणि २०१९ च्या दुरुस्तीने तेथे उघड्यावर मद्यपान व स्वयंपाक करणे दंडनीय ठरले. केरळचा २००५ चा कायदा याहून मूलगामी म्हणावा लागेल. विशेष पर्यटन क्षेत्र घोषित झाल्यावर तेथील बांधकामास मार्गदर्शक तत्त्वांचे बंधन येते. कस लागतो तो परवाने देणाऱ्या स्थानिक संस्थांचा. त्यांना महसूलही हवा असतो.