घटक ४ : सुरक्षा-सूचनेची भाषा

४.१ प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण आतापर्यंत अर्ज, इतिवृत्त आणि जाहीर निवेदन यांचा विचार केला. या घटकात त्याहून लहान मजकूर अभ्यासावयाचा आहे : कामाच्या ठिकाणी लावलेली किंवा डब्यावर छापलेली सुरक्षा-सूचना. कारखाना, जिनिंग किंवा फवारणीची कंत्राटे घेणारा व्यवसाय असेल, तर असा मजकूर पुष्कळदा कामगार-कायद्याचा सल्लागार वकील तपासून देतो. त्याच्यापुढील प्रश्न कायद्याचा असतो, तितकाच व्याकरणाचाही असतो. आपले उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातील आहे आणि ते सुखद नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या आठवड्यांत या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. शेकडो जणांवर रुग्णालयात उपचार करावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती, बोंडअळीमुळे फवारण्या वाढल्या होत्या आणि फवारणाऱ्यांपैकी अनेकांजवळ तोंडाला बांधलेल्या रुमालापलीकडे संरक्षण नव्हते. संरक्षक साधने वापरली नाहीत, असा दोष मात्र त्या वेळी पुष्कळदा मजुरांनाच दिला गेला. सूचना छापलेली होती, हे त्यामागील गृहीतक. ती सूचना नेमकी कोणाशी बोलत होती, हे आता पाहू.

४.२ औषध आणि विष

आपल्याकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. 'आज औषध मारायचं आहे', असे शेतकरी म्हणतो, दुकानदार म्हणतो. प्रस्तुत लेखकही बोलताना तेच म्हणतो. पिकाच्या बाजूने पाहिले तर शब्द चुकीचा नाही. परंतु औषध या शब्दाला बरे करण्याचा अर्थ चिकटलेला आहे आणि तो फवारणाऱ्याच्या मनात सावधपणा जागा करीत नाही. कीटकनाशके नियम, १९७१ यांनी डब्यावर हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह सक्तीचे केले. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. येथे हिरव्याचा अर्थ 'कमी विषारी' एवढाच आहे. शेतकऱ्याच्या डोळ्यांना हिरवा रंग काय सांगतो, हे वेगळे सांगावयास नको.

लेबल हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातील एक वा दोन प्रादेशिक भाषांत असावे, असेही हे नियम सांगतात. म्हणजे मराठी आली. पण केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत कोलाम समाजाची वस्ती आहे. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम १०८ या बाबतीत अधिक नेमके होते : कारखान्यातील सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावी. 'प्रादेशिक भाषा' हा नकाशाचा निकष झाला, 'कामगारांना समजणारी भाषा' हा माणसाचा.

४.३ लोपलेला कर्ता

आता पुढील वाक्य पाहा : 'फवारणी करताना संरक्षक कपडे वापरावेत.' क्रियापद विध्यर्थी, प्रयोग कर्मणी. 'मजुराने' हे तृतीयान्त पद गाळले तरी मराठी वाक्य अडखळत नाही. 'वापरण्यात यावेत' अशी कार्यालयीन रचना केली, तर कर्ता आणखी दूर जातो. वापरणारा कोण, हे वाचक संदर्भाने ओळखतो. परंतु कपडे आणून देणारा कोण, हा प्रश्न वाक्यात उद्भवतच नाही. 'वापरणे' या क्रियेत 'पुरवणे' ही क्रिया आधीच घडून गेल्याचे गृहीत धरलेले आहे. रोजाने फवारणीस गेलेल्या मजुराच्या बाबतीत नेमके तेच घडलेले नसते.

दोष केवळ मराठीचा नाही. १९७१ च्या नियमांपैकी ३९ वा नियम कीटकनाशक हाताळणाऱ्या व्यक्ती योग्य कपड्यांनी संरक्षित असाव्यात, असे सांगतो. त्या कोणी संरक्षित करावयाच्या, हे तेथे नाही. ४२ व्या नियमात मात्र कर्ता उघड आहे : उत्पादक, वितरक आणि व्यावसायिक फवारणी करणारे यांनी कामगारांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था करावी.

४.४ सल्लागाराचा मसुदा

समजा, फवारणीची कंत्राटे घेणाऱ्या एका व्यावसायिकाने वकिलाकडून सूचना तपासून मागितली. त्याने आणलेला मसुदा असा :

'संरक्षक साधने वापरण्यात यावीत. अन्यथा होणाऱ्या परिणामांस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.'

दुसरे वाक्य मालकाला ढालीसारखे वाटते. जाणता सल्लागार ते प्रथम खोडील. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने, तो ज्या कामगारांना लागू होता त्यांच्यापुरते, भरपाईचा हक्क सोडून देणारा करारच निरर्थक ठरवला होता. कामगाराने सुरक्षेचा आदेश हेतुपुरस्सर मोडला, हा बचाव मालकाला होता; पण आदेश स्पष्टपणे दिलेला हवा, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तो बचाव उपलब्धच नव्हता. तेव्हा ज्या प्रसंगाच्या भीतीने हे वाक्य लिहिले जाते, त्याच प्रसंगी ते उपयोगी पडत नाही. (शेतावर रोजाने जाणारा प्रत्येक मजूर या कायद्याखाली येत नसे, हेही ध्यानात ठेवावे.)

सुधारित मसुदा असा होऊ शकेल :

'हातमोजे, चष्मा, मास्क आणि बूट मुकादम सकाळी पंपाबरोबर देईल. ते मिळाले नाहीत, तर फवारणी सुरू करू नका. त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही. मळमळ, चक्कर किंवा डोळ्यांना अंधुक दिसू लागले, तर काम लगेच थांबवा आणि मुकादमाला सांगा. तो डब्यासह दवाखान्यात नेईल.'

येथे प्रत्येक क्रियेला कर्ता आहे. मजुरीचे वाक्य भाषेच्या दृष्टीने साधे, परंतु मालकाला सर्वांत महाग पडणारे आहे. ते गाळावे असा आग्रह होतो. आणि ते गाळले की 'सुरू करू नका' हा आदेश रोजंदारीवरच्या माणसाला पाळता येत नाही. 'डब्यासह' हा शब्दही राहू द्यावा, कारण कोणते विष शरीरात गेले हे डॉक्टरांना लेबलावरून कळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. आपल्या कामाच्या ठिकाणची किंवा गावातील कृषी केंद्रातील एक सुरक्षा-सूचना जशीच्या तशी उतरवून घ्या. तीतील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधा. जेथे तो सापडत नाही, तेथे तो कोण असावयास हवा हे लिहा.

२. तीच सूचना आपल्या बोलीत, वाचता न येणाऱ्या सहकाऱ्याला तोंडी सांगावयाची आहे असे समजून, पाच वाक्यांत मांडा. 'औषध' हा शब्द ठेवावा की बदलावा, याचा निर्णय सकारण द्या.