प्लास्टरवाल्याला दया, माझ्या वाट्याला बोलणी

"आधीच लेकराचा हात मोडला हाय मावशी, अन् तुमी मधातच थांबल्या!" जिच्या उभ्या गाडीला मागून धडक बसली, तिलाच हे ऐकून घ्यावं लागलं. भातकुली-अमरावती रस्त्यावर अर्ध्यात सोयाबीन वाळत घातलेलं, समोरून ट्रॅक्टर. मी थांबले. मागचा मोटरसायकलवाला थांबला नाही.

का थांबला नाही, ते त्याला उठवताना दिसलं. उजव्या हाताला तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर. कडेचा कापूस काळा पडून लोंबत होता, बोटं सुजलेली. त्या बोटांची टोकं ब्रेकच्या दांडीला जेमतेम टेकत असतील, दाबायचं तर सोडाच. मोटरसायकलचा पुढचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या हाताकडे. राहिला पायाचा ब्रेक. सोयाबीनवर तो दाबला की चाक घसरणारच. पठ्ठ्या म्हणतो कसा, "मी तं रोजच चालवतो, काई नाई होत!"

माझा गुडघा सोलला होता, मडगार्ड तुटलं होतं. पाणी मात्र त्याला पाजलं लोकांनी. मला कोणी साधं बसा म्हटलं नाही.

संध्याकाळी त्याच्या घरचे आले. मला वाटलं, मडगार्डचं विचारायला आले असतील. तर ते प्लास्टरचा खर्च मागायला आले होते! म्हणे, हात माझ्याच गाडीमुळे मोडला. सुदैवानं गाडीच्या नुकसानीचे फोटो मी जागेवरच काढले होते आणि एकात तो मळका हात स्पष्ट आला होता. फोटो दाखवल्यावर चहासुद्धा न घेता उठले. माफीचा शब्द नाही.

म्हणून पहिलं सांगणं हेच. धडक झाली की नंबर प्लेटसोबत समोरच्याचे हातपायही फोटोत येऊ द्या. पट्टी, प्लास्टर, काठी, जे असेल ते.

आता कायद्याचं. प्लास्टर घालून गाडी चालवू नका, असं थेट कुठं लिहिलेलं नाही, आणि यावरच सगळे उड्या मारतात. पण मोटार वाहन कायद्याचं १८६ वं कलम वाचा. आपल्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे आपलं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं आहे, हे ठाऊक असूनही चालवलं तर पहिल्यांदा १००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर २००० पर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीआधी तो २०० आणि ५०० होता. माझं मडगार्ड याहून महाग पडलं, ते जाऊ द्या. कलम १६ प्रमाणे अशा कारणावरून परवाना रद्दही होऊ शकतो. कायमचं अपंगत्व असलेली माणसं बदल केलेली गाडी रीतसर परवान्यावर चालवतात. त्यांना यात ओढू नका.

आपण चालवण्याजोगे आहोत का, हे शेजाऱ्याला नाही, डॉक्टरांना विचारा आणि लिहून घ्या. उभ्या गाडीवर बसून ब्रेक झटक्यात, पूर्ण जोरानं दाबून पाहा. कळ आली किंवा हात कचरला, तर उतरा. प्लास्टर निघालं म्हणजे पकड परत आली असं नसतं, मनगट बरेच दिवस आखडलेलं राहतं. गिअर नसलेल्या स्कूटरचे दोन्ही ब्रेक बहुधा हातातच असतात, म्हणून तिथं एका हातावर भागत नाही. कारमध्ये उजवा पाय दुखावला असेल तर विषयच संपला. ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊनही गाडीला हात लावू नका. हेल्मेट वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

आणि जमलेल्या दादा-काकांना एक विनंती. ज्याच्या हाताला प्लास्टर दिसेल, त्याला पाणी जरूर पाजा, पण आधी त्याच्या गाडीची चावी काढून घ्या. भातकुलीहून अमरावतीला ऑटो जातात, एसटी जाते. त्यात बसवून द्या त्याला.