तणाचे बी एकदम का उगवत नाही?

पहिल्या पावसानंतर उगवलेले तण वखराच्या पाळीने मोडले, तरी आठ-पंधरा दिवसांत त्याच जागी नवे तण दिसते. बियांची खोली, जमिनीतील ओल व कवचाची जाडी ही त्याची नेहमीची कारणे आहेत. परंतु एकाच झाडाचे बी सारख्या ओलीत व तापमानात ठेवले, तरी ते एकाच दिवशी उगवेल असे नाही. पेशीतील संदेशवहनात होणारे लहान चढउतार हेही याचे एक कारण मानले जाते.

पेशीतील चढउतार : पेशीतील संदेश रेणूंमार्फत जातात. हे रेणू घड्याळाप्रमाणे नव्हे, तर योगायोगाने तयार होतात व नाश पावतात. साधारणपणे सरासरी १०,००० रेणू असल्यास त्यांच्या संख्येतील चढउतार सुमारे १ टक्का, तर १०० रेणू असल्यास सुमारे १० टक्के असतो. म्हणजे रेणू जितके थोडे, तितका संदेश डळमळीत.

बियाचा तोल : बियातील अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक सुप्तावस्था टिकवते, तर जिबरेलिन उगवण घडविते. दोन्ही एकमेकांना दाबतात. तराजूचे एक पारडे पुरते खाली असेल, तर चार दाण्यांनी फरक पडत नाही. पारडी समान असताना मात्र तेच चार दाणे तराजू झुकवितात. बियाचेही तसेच होते. तोल काठावर असलेले बी कोणत्या दिवशी उगवेल, हे लहानशा चढउतारावर ठरते. केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मोहरी कुळातील अॅराबिडॉप्सिस या रोपाच्या बियांतील उगवणीचा असा फरक गणिताने मांडून दाखविला.

तणाचा फायदा : पावसाने उघडीप दिली तर उगवलेली रोपे वाळतात, पण मागे राहिलेले बी वंश राखते. पिकांत मात्र माणसाने पिढ्यान्पिढ्या एकसारखे उगवणारे बी निवडले.

शेतात काय करावे?

१) शक्य असल्यास पेरणीपूर्वी तण उगवू देऊन वखराची पाळी द्यावी.

२) एकाच खुरपणीवर विसंबू नये. सोयाबीन पेरणीनंतर पहिले ३० ते ४५ दिवस तणविरहित ठेवावे.

३) उशिरा उगवलेले तण थोडे म्हणून सोडू नये, बी धरण्यापूर्वी उपटावे. तेच बी पुढील हंगामात पुन्हा टप्प्याटप्प्याने उगवणार असते.